प्रार्थना करा, पण झोपाही : मनाच्या आरोग्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याच्या बाजारपेठेपासून मोलगीच्या डोंगराळ पाड्यांपर्यंत ख्रिस्ती कुटुंबं राहतात. रविवारची उपासना आणि अधूनमधून कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा, हा त्यांचा मोठा आधार. दिवाळी झाली की अनेक घरांना कुलूप लागतं आणि माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादमाची उचल, म्हाताऱ्या आईबापांची काळजी, घरातलं सिकलसेलचं दुखणं, कुणाची दारू, या सगळ्याचा भार मनावर येतो. मन खचलं की मंडळीतून सल्ले येतात. ते बहुधा मायेपोटीच दिलेले असतात, पण त्यातले काही चुकीचे असतात आणि आधीच दुखावलेल्या माणसाला ते आणखी एकटं पाडतात. म्हणून त्यांची नीट तपासणी करू या.

गैरसमज : विश्वास पक्का असेल तर नैराश्य येतच नाही.

वस्तुस्थिती : बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला रागावत नाही, विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला सांगतो. त्यानंतर कुठे होरेबची वाट सुरू होते. तिथे देव त्याचं गाऱ्हाणं ऐकतो, नवं काम सोपवतो, अलीशासारखा सोबती देतो आणि तू एकटा नाहीस याची जाणीव करून देतो.

क्रम लक्षात घ्या : झोप, जेवण, ऐकून घेणं, काम, सोबत. खचलेल्या माणसाची काळजी घ्यायची पद्धत शास्त्रातच लिहिलेली आहे. एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडचे नामवंत उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनाही नैराश्याने वारंवार गाठलं होतं आणि ते त्याबद्दल उघडपणे बोलत.

गैरसमज : रडणं, तक्रार करणं हे अविश्वासाचं लक्षण आहे.

वस्तुस्थिती : स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही. लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला. त्यामुळे प्रार्थनेत छापील शब्दच हवेत असं नाही. आपल्या वसावीत, मावचीत, पावरीत किंवा मराठीत, जे मनात आहे तेच देवाला सांगावं. दुःखाला शब्द मिळाले की ते पेलणं थोडं सोपं होतं, हे समुपदेशकही सांगतात.

गैरसमज : मनासाठी गोळ्या घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. शिवाय त्यांची सवय लागते.

वस्तुस्थिती : पौलाचा सहकारी लूक हा वैद्य होता आणि पौल त्याचा उल्लेख प्रेमाने करतो. मलेरियाची गोळी घेताना आपण विश्वासाचा प्रश्न काढत नाही, मग मेंदूच्या आजारातच का काढावा? नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून ती टाकून देऊ नयेत. या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी ओढ लागत नाही. मात्र त्या एकाएकी बंद केल्या तर त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात. रक्तक्षय आणि थायरॉईडच्या बिघाडातही मरगळ येते, त्यामुळे आधी रक्त तपासून घेणं शहाणपणाचं.

गैरसमज : उपास आणि रात्रीची जागरणं जितकी जास्त, तितकं मन लवकर बरं होतं.

वस्तुस्थिती : उपास ही चांगली शिस्त आहे, पण आजारी माणसावर ती लादू नये. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या शरीरातलं पाणी कमी झालं की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या अंगातलं पाणी घटलं तर औषधाचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. मधुमेह्याची साखर उतरू शकते. ज्यांना उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येतं, त्यांचा आजार रात्रीच्या जागरणाने उसळू शकतो. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. दमलेल्या शिष्यांना येशूने एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितलं होतं. त्यामुळे विसावा घेणं हेही आज्ञापालनच आहे.

गैरसमज : फिट येणं, कानात आवाज येणं म्हणजे भूत लागणं किंवा डाकिणीची करणी.

वस्तुस्थिती : मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूकडे आणलेल्यांची यादी आहे. तिथे भूतग्रस्त आणि फेफरेकरी ही नावं वेगवेगळी आहेत. म्हणजे प्रत्येक फेफऱ्यामागे भूत असतं, असं शुभवर्तमानही म्हणत नाही. फेफरं हा मेंदूतल्या विद्युत संदेशांचा बिघाड आहे आणि बहुतेकांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात. भास होणं हेही उपचार असलेल्या आजाराचं लक्षण असू शकतं. भूत काढायच्या नावाखाली बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. एखाद्या बाईला डाकीण ठरवणं हा तर उघड अन्याय आहे आणि ख्रिस्ती माणसाने तिच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे. रुग्णासाठी प्रार्थना जरूर करा, पण त्याला दवाखान्यातही न्या.

गैरसमज : आत्महत्येचा विषय काढला तर तो विचार डोक्यात भरतो.

वस्तुस्थिती : मायेने, थेट विचारल्याने असा विचार नव्याने येत नाही. उलट, इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं बोलून दाखवायला वाट मिळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा न देता तिची काळजी घेणं, हे सरकारचं कर्तव्य ठरतं. मंडळीनेही तिला अपराधी ठरवू नये. १४४१६ या टेलि-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, कीटकनाशकं हाताशी ठेवू नका आणि लगेच जवळचं रुग्णालय गाठा.

गैरसमज : रोज तासभर बायबल वाचलं, तरच उपयोग.

वस्तुस्थिती : थोडं पण रोज, हेच जमतं आणि टिकतं. ऊसतोडीच्या पडावावर पहाटेपासून राबणाऱ्या नवरा-बायकोला तासभर कुठून मिळणार? त्यांनी रात्री जेवणानंतर मुलांना जवळ घेऊन चार ओळी वाचाव्यात. वाचता येत नसेल तर मोबाइलवर ऐकाव्यात, एक गीत म्हणावं आणि दिवसातली एक चांगली गोष्ट आठवून आभार मानावेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाची देशी चाल मराठी उपासनेत आणली आणि त्यांची गीतं 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही गायली जातात. एकत्र गाताना श्वास लांबतो, शरीर सैलावतं आणि आपण एकटे नाही, हे जाणवतं.

सोबतीचं मोल संशोधनातही दिसतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या सुमारे ९० हजार परिचारिकांच्या अभ्यासात, आठवड्याला किमान एकदा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं. केवळ उपासनेमुळेच असं झालं, हे यातून सिद्ध होत नाही. पण माणसांत राहण्याचा आधार किती मोठा असतो, याकडे हा अभ्यास नक्कीच बोट दाखवतो.

म्हणून मंडळीला एक विनंती आहे. रविवारी कुणी दिसलं नाही तर 'का आला नाहीस?' असा जाब विचारू नका. घरी जा, सोबत जेवा, त्याचं ऐकून घ्या. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली आणि झोप, भूक, काम बिघडलं, तर आधी ग्रामीण रुग्णालयात आणि गरज पडल्यास नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात त्याच्याबरोबर जा. एसटीचं भाडं, मुलांना सांभाळणं, पुढच्या तारखेची आठवण, एवढं मंडळीने वाटून घेतलं तर उपचार अर्ध्यावर सुटणार नाहीत. एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा आपल्याला मिळालेलीच आहे. मनाच्या आजाराचं ओझंही त्यात येतं.