काट्यामागचा उजेड

रत्नागिरीहून माल भरून निघालेला ट्रक हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्याला येतो आणि पुढे आंबा घाटाला लागतो. घाट चढताना चालकाचं लक्ष टेंपरेचरच्या काट्यावर असतं. कोल्हापूरहून भरून परतताना, उतारावर, ते हवेच्या काट्याकडे जातं. एअर ब्रेकच्या टाकीत साधारण सात-आठ बार दाब असतो. वळणावळणाला ब्रेक दाबला की तो खर्च होत जातो आणि फार खाली उतरला की बझर ओरडतो. रात्री, पावसात, धुक्यात हे दोन काटे एका नजरेत वाचता आले पाहिजेत.

जुन्या ट्रकमध्ये नेमके हेच काटे आधी दगा देतात. मग मालक बाजारातून सुटा मीटर आणतो, डॅशबोर्डखाली पत्र्याची पट्टी ठोकतो आणि गाडी वायरमनकडे लावतो. काम तासाभराचं वाटतं. नीट करायचं तर अर्धा दिवस जातो आणि त्यातला बराच वेळ काट्यामागच्या एवढ्याशा बल्बवर खर्च होतो.

पहिला प्रश्न व्होल्टचा. पिकअप आणि छोटा टेम्पो 12 व्होल्टवर चालतो, मोठा ट्रक 24 वर. ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. 12 व्होल्टचा मीटर स्वस्तात मिळाला म्हणून एकाच बॅटरीवरून वायर ओढण्याची खोड जुनी आहे. तसं केलं की एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होते आणि शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात. मीटर, त्याचा बल्ब आणि गाडी या तिघांचे व्होल्ट एकच हवेत.

दुसरा प्रश्न सेन्सरचा, आणि तो जास्त घातक. विजेवर चालणारा मीटर स्वतः काहीच मोजत नाही. इंजिनावर बसलेल्या सेन्सरचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो. ऑइल प्रेशरचे बरेच सेन्सर 10 ते 180 ओहमचे असतात, पण 240 ते 33 ओहमचेही असतात. त्यांचा क्रम उलटा. एकाचा सेन्सर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला तरी काटा हलतो, म्हणून मालकाला समाधान वाटतं. आकडा मात्र खोटा असतो. मीटर आणि सेन्सर जोडीनेच घ्यावेत. सेन्सरच्या आट्यांवर पांढरी टेप भरमसाट गुंडाळू नये, कारण एका वायरच्या सेन्सरला अर्थ मिळतो तो त्या आट्यांतूनच.

आता उजेड. जुन्या डॅशबोर्डमध्ये दोन-अडीच वॅटचे साधे बल्ब असतात आणि अनेकांवर हिरवी रबरी टोपी. हिरव्याची निवड योग्यच होती: डोळ्याला सगळ्यात कमी उजेडात दिसतो तो हिरवाच, दिवसा 555 आणि अंधाराला सरावल्यावर 507 नॅनोमीटरच्या आसपास. नवा मीटर मात्र बहुधा पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीचा येतो. काळोखाला सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात; गुडघ्याजवळचा तो प्रखर ठिपका ही कमाई प्रत्येक नजरेला थोडी थोडी खर्च करतो. त्यात निळ्या उजेडावर डोळा नीट स्थिरावत नाही, आकड्यांच्या कडा पसरट दिसतात. शोरूमच्या झगमगाटात सुंदर वाटलेला मीटर घाटात नकोसा होतो तो यामुळेच.

पांढऱ्या एलईडीवर हिरवी टोपी चढवली की काम झालं, असंही नाही. साध्या बल्बचा उजेड पिवळसर असतो, म्हणून टोपीतून पिवळट हिरवा उतरतो. एलईडीचा त्याच टोपीतून थंड, निळसर हिरवा येतो. शिवाय वर्षानुवर्षांच्या उष्णतेने जुन्या टोप्या विटलेल्या असतात. खरे उपाय दोनच: नव्या मीटरमध्येही जुन्यासारखाच बल्ब आणि टोपी बसवायची, नाहीतर संपूर्ण डॅशबोर्डचे बल्ब एकदम बदलायचे.

रंग जुळला तरी वायर चुकली तर फुकट. मीटरच्या बल्बची वायर इग्निशनवरून घेऊ नये. ती घ्यावी पार्किंग लाइटबरोबर पेटणाऱ्या डॅशबोर्डच्या वायरवरून. वायरमन टेस्ट लॅम्पने ती शोधतो: पार्किंग लावल्यावर पेटते, बंद केल्यावर विझते, आणि डिमर असेल तर त्याबरोबर मंदावते. एलईडी मात्र जुन्या रिओस्टॅटला फारसा जुमानत नाही, कारण तो इतका कमी करंट ओढतो की रिओस्टॅटमध्ये व्होल्टेज पडतच नाही. डिमर वापरणाऱ्याने साधा बल्बच घ्यावा.

शेवटी अर्थ. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवेत समुद्राचं मीठ असतं. मिरकरवाडा बंदरातून मासळी वाहणाऱ्या गाड्यांत तर खारं पाणी थेट चासीवर ठिबकतं. पत्र्याला स्क्रूने पकडलेली अर्थची वायर इथे लवकर हिरवी पडते. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की साध्या बल्बचा उजेड जवळपास तीस टक्के उतरतो. पार्किंग लावताच टेंपरेचरचा काटा जागचा हलला तर इंजिनाला दोष देऊ नये. बल्ब आणि मीटर यांचा सामायिक अर्थ ढिला असतो. रंग खरवडून, थिंबल दाबून, त्यावर आकसणारी नळी चढवून आणि ग्रीस लावून केलेला जोड पावसाळा काढतो. नुसती वायर पिळून टेप गुंडाळलेला काढत नाही.

मीटर घ्यायला जाताना गाडीतला जुना बल्ब टोपीसकट काढून खिशात घाला आणि दुकानदाराला त्याच्या शेजारी नवा पेटवून दाखवायला सांगा. बसवून झाल्यावर वायरमनला पैसे देण्याआधी केबिनच्या काचांवर ताडपत्री टाका, पार्किंग लावा आणि चालकाच्या सीटवर बसून बघा. नवा मीटर बाकीच्यांपेक्षा आधी डोळ्यांत भरला, तर बल्ब बदलून घ्या.