दसऱ्यानंतरचा भोपळा : तो राखावा कसा व शिजवावा कसा

समितीच्या कोठींत धान्याखेरीज जें जें येतें त्याचा हिशेब देतांना एक चूक दात्यांपुढें उघडपणें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें. नवरात्र व दिवाळी आटोपली म्हणजे अखंड लाल भोपळे आणि कोहळे आमच्याकडे येतात. मागें एका खेपेस ते गाडींत दगडांप्रमाणें रचून नेण्यांत आले. कित्येकांचे देठ मोडले, साली खरचटल्या, आणि वांटपानंतर पंधरवडा लोटण्यापूर्वींच अनेक घरीं त्यांचें पाणी झालें. यांत घेणारांचा दोष नव्हता, आमचा होता. फळ दिलें, परंतु तें राखण्याची रीत सांगितली नाहीं. ती येथें देतों. वांटपाच्या वेळीं हें पान मोठ्यानें वाचून दाखवावें, अशी स्वयंसेवकांस विनंती आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, भोपळा धान्य नव्हे. शंभर ग्रॅम जोंधळ्यांतून सुमारें ३४० उष्मांक मिळतात. तितक्याच भोपळ्यांतून २५ च्या आसपास, कारण त्याचे दहांतील नऊ हिस्से पाणीच असतें. तेव्हां भोपळे पाठविले, आतां जोंधळा नको, असें कोणीं समजूं नये. १९७२-७३ च्या दुष्काळांत कामांवरील मजुरांस सुकडी वांटण्यांत आली, ती पोटाच्या आधारासाठीं. तो आधार भोपळ्यानें होणार नाहीं. त्याचें काम निराळें आहे. नुसत्या भाकरीवर महिनेच्या महिने काढणाऱ्या मुलांस व गरोदर स्त्रियांस अ जीवनसत्त्व पुरेसें मिळत नाहीं, आणि दिवे लागणीस डोळ्यांपुढें अंधार येऊं लागतो. हा रातांधळेपणा टाळण्यास लाल भोपळ्याचा केशरी गर फार उपयोगी पडतो. मात्र तो चमचाभर तेलांत परतलेला असावा, कारण स्निग्धांशावांचून तें सत्त्व अंगीं नीट लागत नाहीं. म्हणूनच भोपळ्यासोबत तेलही द्यावें लागतें. कोहळ्यांत हा गुण नाहीं. त्याचा गुण टिकाऊपणाचा.

आतां राखण्याविषयीं. सालींत नख रुतत नसेल तोच भोपळा ठेवणीचा समजावा. वेलीवरून काढतांना तीनचार बोटें देठ ठेवावा आणि फळ कधींही देठास धरून उचलूं नये. देठ तुटला कीं तेथूनच कूज शिरते. फळ धुऊं नये. कोहळ्यावरील पांढरी भुकटी पुसूं नये, कारण तेंच त्याचें निसर्गदत्त मेण होय. आठदहा दिवस उबदार व वाऱ्याच्या जागीं ठेवून साल कडक होऊं द्यावी. मग शिंक्यांत टांगावा, किंवा माळ्यावर कडबा पसरून एकास एक न लागेल असा मांडावा. शहाबादी फरशीवर उघडा ठेवल्यास खालून ओल धरतो. आठवड्यास एकदां प्रत्येक फळ हातानें दाबून पाहावें आणि जें मऊ लागेल तें त्याच दिवशीं चुलीवर जावें. इतकी काळजी घेतल्यास लाल भोपळा दोनतीन महिने, म्हणजे संक्रांतीच्या पुढेंपर्यंत राहतो. कोहळा त्याहून अधिक टिकतो.

एकदां कापलेला भोपळा मात्र दोन दिवसांत संपवावा. एका घरास मोठा झाला तर चार घरांनीं मिळून फोडावा; यांत संकोच कसला? लहान भोपळा न चिरतां अखंडही भाजतां येतो. त्यास सुरीनें पांचसहा ठिकाणीं खोल टोंचावें, नाहींतर वाफ कोंडून तो फुटतो व अंगावर येतो. भाकऱ्या झाल्यावर चुलींत जो आर उरतो त्यांत तो पुरून ठेवावा. वेगळें सरपण लागत नाहीं, ही गोष्ट टंचाईंत लहान नव्हे. साल काळी होऊन काडी आरपार गेली कीं काढावा, गर मीठमिरचीनें कालवावा, वर फोडणी द्यावी. दहीं असल्यास उत्तम, नसल्यास शेंगदाण्याचें कूट चालतें. बिया फेंकूं नयेत. धुऊन, वाळवून, भाजून खाव्यात. त्यांत शेंकडा ३० च्या आसपास प्रथिनें असतात.

गर कडू लागला तर मात्र सर्वच्या सर्व फळ टाकून द्यावें. तो कडवटपणा शिजवून जात नाहीं. त्यानें ओकाऱ्या व जुलाब होतात, आणि अशक्त मुलास ते झेपत नाहींत.

जें खाऊन संपणार नाहीं तें वाळवावें. दिवाळीनंतरचें कोरडें ऊन याला पुरतें. साल काढून पातळ फोडी कराव्या, उकळत्या पाण्यांत दोनतीन मिनिटें बुडवून बाजेवर स्वच्छ फडक्यावर पसराव्या, वर विरळ कापड घालावें, आणि दंव पडण्यापूर्वीं घरांत घ्याव्या. वांकवितांच मोडूं लागल्या म्हणजे झाल्या. दहा किलो गराचे किलोभर किंवा थोडें अधिक वाळवण होतें. घट्ट झांकणाच्या डब्यांत तें उन्हाळाभर राहतें व आमटींत शिजतें. उरलेल्या कोहळ्याचे फाल्गुन-चैत्रांत सांडगे घालावे : कीस पिळून घ्यावा, भिजवून वाटलेली डाळ, मीठ व तिखट मिसळावें. तळण्यास तेल नसल्यास ते आमटींत सोडावे.

बाटल्यांत भरून ठेवण्याविषयीं आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतें. आमचें उत्तर स्पष्ट नकाराचें आहे. भोपळा आंबट नाहीं. हवाबंद बरणींत त्यांत जें विष उत्पन्न होतें त्याचे बीजाणू साध्या उकळण्यानें मरत नाहींत, आणि वासावरून वा चवीवरून तें ओळखतांही येत नाहीं.

शेवटीं दात्यांस विनंती. खंडेनवमीस यंत्रांपुढें व वाहनांपुढें कोहळा फोडण्याची चाल आहे. तिजविषयीं आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु रस्त्यावर फुटलेलें वा कुंकवानें माखलेलें फळ समितीकडे पाठवूं नये. न फोडलेलीं, देठासह, कडब्यांत बसविलेलीं फळें पाठवावीं. एकावर एक दोहोंहून अधिक थर नसावे. गाडी येणार असल्यास एक दिवस आधीं कळवावें. तेल, मीठ, झांकणाचे रिकामे डबे आणि शिंक्यांसाठीं काथ्याची दोरी यांचीही आम्हांस तितकीच गरज आहे.