विश्लेषण : वीजवाहिनीमुळे वणवा पेटला, तर भरपाई कोणी द्यायची?

नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव काही तासांत बेचिराख झाले. या वणव्यात ८५ जणांचा मृत्यू झाला, १८ हजारांहून अधिक बांधकामे जळाली. कारण ठरला वीजवाहिनीच्या मनोऱ्यावरील एक झिजलेला हुक. अशा आगीची भरपाई कंपनीने द्यायची की वीजग्राहकाने, हा वाद तिथे आजही सुरू आहे.

आग कशी लागली?

‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’ म्हणजे ‘पीजी अँड ई’ या कंपनीच्या उच्चदाब वाहिनीवरील जवळपास शंभर वर्षे जुना हुक तुटला. त्याच्या आधाराने असलेली तार मनोऱ्याला लागली, ठिणग्या उडाल्या आणि खालचे सुके गवत-झुडपे पेटली. वाऱ्याने आग गावापर्यंत नेली. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जून २०२० मध्ये तिने मनुष्यवधाचे ८४ आरोप न्यायालयात मान्य केले. कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही. दंड झाला सुमारे ३५ लाख डॉलरचा.

चूक नसली तरी भरपाई?

होय. कॅलिफोर्नियात ‘इन्व्हर्स कंडेम्नेशन’ हे तत्त्व लागू होते. सार्वजनिक कामासाठी जमीन घेतली की मोबदला द्यावा लागतो. तसेच सार्वजनिक सेवेच्या यंत्रणेमुळे एखाद्याची मालमत्ता गेली, तर तो भार सर्वांनी वाटून घ्यावा, असा हा विचार आहे. न्यायालयांनी तो खासगी वीज कंपन्यांनाही लावला. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. आग कंपनीच्या यंत्रणेमुळे लागली, एवढे पुरे.

मग अडचण कुठे?

सरकार कर वाढवू शकते. खासगी कंपनीला दरवाढीसाठी नियामक आयोगाची परवानगी लागते. सॅन दिएगोच्या वीज कंपनीला २००७ च्या वणव्यांपोटी ३७.९ कोटी डॉलर ग्राहकांकडून वसूल करायचे होते. आयोगाने २०१७ मध्ये नकार दिला.

२०१९ च्या कायद्याने काय बदलले?

‘एबी १०५४’ या कायद्याने २१ अब्ज डॉलरचा वणवा निधी उभारण्याची तरतूद केली. निम्मा वाटा ग्राहकांचा, निम्मा तीन मोठ्या कंपन्यांच्या भागधारकांचा. कंपनीकडे सुरक्षा प्रमाणपत्र असेल, तर तिचे वर्तन योग्यच होते असे आधी गृहीत धरले जाते. गंभीर शंका उपस्थित करण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. या प्रमाणपत्रासाठी मंजूर वणवा प्रतिबंधक आराखडा आवश्यक असतो.

आराखड्यात काय असते?

तारांजवळची झाडे छाटणे, उघड्या तारांवर आवरण, जोखमीच्या भागात भूमिगत वाहिन्या, हवामान केंद्रे, कॅमेरे आणि शेवटचा उपाय म्हणून वीज बंद करणे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘पीजी अँड ई’ने सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज तोडली. आग टळावी म्हणून घेतलेला हा निर्णय, पण घरी वैद्यकीय उपकरणांवर असलेल्या रुग्णांसाठी तोच धोका ठरतो.

निधी पुरेल का?

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ईटन वणव्यात नऊ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. संशय ‘सदर्न कॅलिफोर्निया एडिसन’च्या वाहिनीवर असून कंपनीविरुद्ध खटले दाखल झाले आहेत. एकच आग निधी रिकामा करू शकते, ही भीती वाढल्यावर राज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १८ अब्ज डॉलरची तरतूद केली. तीही ग्राहक आणि भागधारक यांच्याच खिशातून.

आपल्याकडे काय?

लोंबकळणाऱ्या तारांमुळे ऊस पेटल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हंगामात येतात. जिवंत तारेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूला, निष्काळजीपणा नसला तरी वीज मंडळ जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे चुकीशिवाय जबाबदारीचे तत्त्व आपल्यालाही नवे नाही. कॅलिफोर्नियाने त्याला जोड दिली ती आग लागण्याआधी कंपनीकडून लेखी आराखडा मागण्याची.