गुण कोण देतं, कशाचे देतं?



आज टीव्हीवर बोलायचं आहे. दिवेलागणीला एका बाजूला तव्यावर भाकरी आणि दुसऱ्या बाजूला मालिका, असं आपल्यापैकी बहुतेकींचं चालतं. बघता बघता आपण मतंही देत असतो. ही चांगली, ती नाटकी, हिचा नंबर यायला हवा होता, परीक्षकांनी तिला उगीच वर चढवलं. मतं आपल्याला पुष्कळ असतात. पण आपलं मत कशावर उभं आहे, हे कुणी विचारलं की आपली बोबडी वळते. माझी वळली होती. तिथूनच सुरुवात करते.

फलटणजवळच्या आमच्या गावात पंचमीला झिम्मा-फुगडीची स्पर्धा ठेवली होती. बचत गटांचेच सात संघ उतरले. आम्ही तिघी परीक्षक. प्रत्येकीनं दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज करायची, एवढंच ठरलेलं. निकाल लागला. पहिला नंबर ज्या संघाला मिळाला, त्यात माझी धाकटी जाऊ होती. झालं! मागून एक बाई उठून म्हणाल्या, "ताई, तुमच्या जावेच्या संघात काय जास्त होतं, तेवढं सांगा." मी म्हटलं, "त्यांचा खेळ छान झाला." त्या म्हणाल्या, "छान म्हंजी काय?"

मला सांगता आलं नाही. मी लबाडी केली नव्हती, पण केली नाही हे दाखवायलाही माझ्याकडं काही नव्हतं. तो संघ पुढचे दोन महिने बैठकीला आलाच नाही. त्यांची बचत थांबली, कर्जाचा हप्ता अडला. एका फुगडीपायी एवढं सगळं.

बर्फावरची फुगडी

त्याच हिवाळ्यातली गोष्ट. आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची होती. मालक उसाला पाणी द्यायला गेले की मला झोप लागायची नाही. टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता एके रात्री एक मुलगी दिसली. पायात धारदार पट्टीचे बूट, खाली आरशासारखा बर्फ आणि ती अशी गिरक्या घेत होती की भवराच. या खेळाला फिगर स्केटिंग म्हणतात. शब्द कळत नव्हते, पण डोळे हटेनात. मग नातीला सोबत घेऊन बसायला लागले. ती मोबाईलवर शोधून अर्थ सांगायची आणि मी तिला फुगडीतलं सांगायची.

फुगडीतलं कसं? ऐका. गिरकी घेताना ती मुलगी आधी हात पसरते, मग छातीशी घट्ट घेते. हात आत आले की गिरकीचा वेग आपोआप वाढतो. बाहेर काढले की मंदावतो. पटत नसेल तर अंगणात एका पायावर फिरून बघा, पण भिंतीपासून लांब! जोडीच्या प्रकारात तर गडी एका जागी पाय रोवून फिरतो आणि बाईचा एक हात धरून तिला स्वतःभोवती फिरवतो. तिचं अंग बर्फाला जवळजवळ टेकलेलं असतं. आपली एकहाती फुगडी आठवा. तोच तोल आणि समोरच्या हातावरचा तोच विश्वास.

उड्या सहा प्रकारच्या असतात. बहुतेक उड्या मागं सरकत असताना घेतात. समोर तोंड करून घ्यायची उडी एकच, तिचं नाव अ‍ॅक्सेल. अ‍ॅक्सेल पॉलसेन नावाच्या नॉर्वेच्या खेळाडूनं ती १८८२ मध्ये पहिल्यांदा मारली. समोरून निघून पाठमोरं उतरायचं, म्हणून हिच्यात अर्धा फेरा जास्त. २०२२ मध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिन या मुलानं हवेत साडेचार फेरे घेऊन ही उडी पूर्ण केली. स्पर्धेत असं त्याच्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. हे साडेचार फेरे एका सेकंदाच्याही आत होतात.

बघताना मला एक कोडं पडायचं. एखादी मुलगी पडायची, तरी तिचा नंबर न पडलेलीच्या वर लागायचा. मी नातीला म्हटलं, "इथंही जावा-जावाच दिसतायत." ती म्हणाली, "आजी, थांब. याचा हिशेब असतो."

भांडण त्यांच्यातही झालं होतं

हा हिशेब पहिल्यापासून असा नव्हता. आधी परीक्षक सहापैकी गुण द्यायचे. एक आकडा कौशल्याचा, एक सादरीकरणाचा. त्या आकड्यांवरून प्रत्येक परीक्षकाचा पहिला, दुसरा, तिसरा ठरायचा आणि जास्त परीक्षकांनी ज्याला पहिला धरलं तो जिंकायचा. ५.८ का आणि ५.९ का, हे कुणी सांगायचं नाही. आमच्या पंचमीसारखंच.

फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला हिवाळी ऑलिंपिक झालं. जोडीच्या स्पर्धेत रशियाची जोडी आणि कॅनडाची जोडी यांच्यात चुरस होती. रशियाच्या गड्याचा एका उडीनंतर तोल गेला. कॅनडाची जोडी न चुकता खेळली. तरी ९ परीक्षकांपैकी ५ जणांनी रशियाला पहिलं धरलं, ४ जणांनी कॅनडाला. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. मग बाहेर आलं की फ्रान्सच्या परीक्षक बाईंवर त्यांच्याच संघटनेतून दबाव होता, असं त्या म्हणाल्या. पुढं त्यांनी हे बोलणं फिरवलंही. शेवटी रशियाचं सुवर्णपदक तसंच ठेवून कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक दिलं. त्या बाईंना आणि फ्रान्सच्या संघटनेच्या अध्यक्षांना तीन वर्षांची बंदी घातली.

भांडण मिटवायला दोन पदकं दिली, पण त्यावर ते थांबले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी गुण द्यायची पद्धतच बदलली. २००४ मध्ये नवी पद्धत आली. ती अशी.

पहिलं, प्रत्येक उडीची आणि गिरकीची किंमत आधीच ठरलेली असते. अलीकडच्या तक्त्यात दोन फेऱ्यांच्या वर्गातल्या अ‍ॅक्सेलला ३.३ गुण, तीनच्या वर्गातल्या अ‍ॅक्सेलला ८. कुणी कोणती उडी मारली, फेरे पुरे झाले की नाहीत, हे ठरवायला वेगळी माणसं बसतात. शंका आली तर ती चित्रण पुन्हा बघतात.

दुसरं, ती उडी किती सफाईनं झाली, हे परीक्षक ठरवतात. अगदी देखणी झाली तर अधिक ५ पर्यंत, फसली तर उणे ५ पर्यंत. त्या हिशेबानं मूळ किंमत वाढते किंवा घटते. पडलं तर वर एक गुण वजा. म्हणजे अवघड उडी मारून पडलेली मुलगी बाकीच्या खेळात गुण मिळवून सोपं खेळणारीच्या पुढं जाऊ शकते. माझं कोडं इथं सुटलं.

तिसरं, सगळा खेळ मिळून कसा झाला याचे गुण. रचना कशी, सादरीकरण कसं, बर्फावरची चाल कशी, अशा तीन गोष्टींना प्रत्येकी दहापैकी.

आणि चौथं मला सगळ्यात आवडलं. ९ परीक्षकांच्या गुणांतला सगळ्यात मोठा आकडा आणि सगळ्यात छोटा आकडा काढून टाकतात. उरलेल्यांची सरासरी घेतात. कुणाची माया आणि कुणाचा राग, दोन्ही बाहेर.

एक चूक मात्र त्यांनी केली. दबाव नको म्हणून कोणत्या परीक्षकानं किती गुण दिले, हे झाकून ठेवलं. त्यानं संशय वाढलाच. २०१६ मध्ये तोही नियम बदलला. आता प्रत्येक परीक्षकाचे गुण नावासह छापून येतात.

घड्याळ, बाण आणि माणूस

सगळ्या खेळांना अशी कटकट नसते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तिचा निकाल घड्याळानं दिला. आपल्या फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीत उतरला. बाण कोणत्या कड्यात घुसला, ते सगळ्यांना दिसतं.

पण जिथं माणूस निकाल देतो, तिथं नियम माहीत असावा लागतो आणि नियम बोलून दाखवणारं कुणीतरी असावं लागतं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक आणलं. असं सांगतात की तिथं एक लांबलेली कुस्ती संपताच त्यांना लगेच दुसरीला उभं केलं. मध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण हे ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. नियम कागदावर असून भागत नाही, मैत्रिणींनो. तो आपल्या तोंडी असावा लागतो.

मग मालिकांचं काय?

हे कळल्यावर टीव्हीवरचं बाकीचंही मी वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. 'होम मिनिस्टर' २००४ ला सुरू झालं, तेव्हा आमची सगळी आळी बघायची. साधे खेळ, जिनं केलं तिला पैठणी. हरलेलीही हसत घरी जायची, कारण का हरली ते तिलाही दिसलेलं असायचं. नाच-गाण्याच्या स्पर्धांत मात्र प्रेक्षकांची मतं घेतात. तिथं निकाल वेगळा लागला की आपण चिडतो. पण मत म्हणजे आवड आणि गुण म्हणजे पारख. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्याला ओळखणारे जास्त, त्याला मतं जास्त. कार्यक्रम कोणता हिशेब धरतो, ते आधी बघावं.

मालिकेलाही गुण मिळतात बरं का. त्याला टीआरपी म्हणतात. बार्क नावाची संस्था देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवते. घरात टीव्हीवर काय चाललंय ते मीटर टिपतं आणि बघणाऱ्यानं आपल्या नावाचं बटण दाबायचं असतं. त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधतात. २०१५ पासून त्यात खेडीही धरली जातात. पण हे मीटर फक्त टीव्ही चालू होता एवढंच सांगतं. तुम्ही मन लावून बघत होतात, की नावं ठेवत बघत होतात, हे त्याला कळत नाही. सुनेला छळणाऱ्या सासूची मालिका आपण "काय बाई हे!" म्हणत रोज बघितली, तर तिकडं ती आवडती म्हणूनच मोजली जाणार. नको असेल तर बंद करणं हाच आपला उणे गुण.

आणि आवडलं तर का आवडलं, तेही सांगावं. 'लागिरं झालं जी' २०१७ ला आली. फौजेत जायचं वेड असलेला पोरगा, तोडीस तोड बोलणारी शीतल आणि सातारी बोली. आपल्यासारखं बोलणारी माणसं टीव्हीवर गावंढळ म्हणून नाही, तर नायक-नायिका म्हणून दिसली. माझ्या वहीत तिला अधिक गुण त्याचे.

आमच्या गावात पुढं काय झालं

पुढच्या पंचमीआधी मी सगळ्या गटांची बैठक बोलावली. रुसलेल्या संघाच्या बाईंना स्वतः घरी जाऊन सांगून आले. म्हटलं, "छान म्हणजे काय, हे तुम्हीच ठरवायला या." त्या आल्या. सगळ्यांनी मिळून तक्ता केला. साधी फुगडी, दंडफुगडी, बसफुगडी, एकहाती फुगडी, प्रत्येकीला अवघडपणाप्रमाणे किंमत लावली. बसफुगडीला जास्त, कारण गुडघे बोलतात! मग सफाईचे गुण वेगळे आणि सगळ्या संघाचा ताल, गाणं, ठेका यांचे वेगळे.

परीक्षक तिघींच्या पाच केल्या. मोठा-छोटा आकडा काढायचा ठरला. त्यानं काय फरक पडतो बघा. एका संघाला ७, ७, ७, ६ आणि १० मिळाले. पाचांची सरासरी ७.४. दुसऱ्या संघाला ८, ८, ७, ७, ६. सरासरी ७.२. म्हणजे पहिला संघ वर. आता मोठा आणि छोटा आकडा काढा. पहिल्याचे राहिले ७, ७, ७, सरासरी ७. दुसऱ्याचे ८, ७, ७, सरासरी ७.३३. दुसरा संघ वर. त्या एका दहानं सगळा निकाल फिरवला असता, कळलं?

परीक्षकांनी कागदावर सही करायची आणि सगळे कागद देवळाच्या भिंतीला लावायचे, हेही ठरलं. जिच्या घरचं कुणी संघात असेल, तिनं परीक्षक व्हायचं नाही. म्हणून मी त्या वर्षी नुसती बघायला बसले.

तक्रार आलीच नाही, असं नाही. त्याच बाई पुन्हा उठल्या. "आमच्या बसफुगडीचे पाच फेरे झाले, तुम्ही चार लिहिलेत." नातीनं मोबाईलवर चित्रण केलं होतं. लावून बघितलं. पाच होते. गुण वाढवले. त्यांचा नंबर तिसराच राहिला, पण त्या कागद वाचून शांतपणे खाली बसल्या. "छान म्हंजी काय" या प्रश्नावर आमचं दोन महिने वाजलं होतं. "चार की पाच" हा प्रश्न दोन मिनिटांत मिटला.

आता आमच्याकडं कर्ज कुणाला आधी द्यायचं, तेही असंच आधी ठरवून, कागदावर लिहून करतात. त्याची सुरुवात फुगडीतून झाली.

तर मैत्रिणींनो, आज रात्री टीव्ही बघाल तेव्हा नुसतं "चांगलं" किंवा "वाईट" म्हणू नका. अवघड काय होतं, सफाई कशात होती, सगळं मिळून कसं वाटलं, हे घरातल्या पोरींना विचारा आणि तुम्हीही सांगा. तुमच्या गटात स्पर्धा ठेवणार असाल तर तक्ता आधी करा, हळदी-कुंकू नंतर. भेटू पुन्हा. राम राम.