खरी लढत तिकिटाची
मतांचं गणित : भाग 7

गेल्या आठवड्यात आपण गट-गणांची रचना आणि आरक्षणाची सोडत पाहिली. आज त्यापुढचा टप्पा, उमेदवारी. शिरूर-दौंडकडच्या जुन्या कार्यकर्त्याला निवडणुकीतली सगळ्यात अवघड गोष्ट विचारली, तर तो प्रचाराचं किंवा मतदानाच्या दिवसाचं नाव घेणार नाही. तो म्हणेल, एबी फॉर्म. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हा कागद ज्याच्या नावाने दाखल झाला, तो पक्षाचा उमेदवार. बाकीच्यांनी माघार घ्यायची, रुसून घरी बसायचं, नाहीतर अपक्ष लढायचं.

जिथे एकाच पक्षाचा जोर असतो, तिथे या कागदावरच निम्मा निकाल लागतो. 2017 मध्ये पुणे जिल्हा परिषदेच्या 75 पैकी 44 जागा एकट्या राष्ट्रवादीकडे गेल्या. अशा जिल्ह्यात राष्ट्रवादीचं तिकीट मिळालेला माणूस शर्यतीत आधीच पुढे असतो. ते तिकीट कोणी द्यायचं, यात मतदाराचा शब्द किती? शून्य. इच्छुकांच्या मुलाखती होतात, चहा होतो, यादी वरून येते.

अमेरिकेत हा प्रश्न कायद्याने सोडवायचा प्रयत्न झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी प्राथमिक निवडणूक आणली. पक्षाचा उमेदवार पुढाऱ्यांनी बंद खोलीत न ठरवता मतदारांनी मत देऊन ठरवावा, ही कल्पना. दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र डेमोक्रॅटिक पक्षाचं वर्चस्व इतकं होतं, की प्राथमिक निवडणूक जिंकली की नोव्हेंबरचं मतदान नुसता उपचार. टेक्सासमध्ये तर कृष्णवर्णीयांना या प्राथमिक निवडणुकीबाहेरच ठेवलं जाई. मुख्य निवडणुकीतला त्यांचा हक्क कागदावर शाबूत होता, पण तोवर ठरायचं ते ठरून गेलेलं असे. सर्वोच्च न्यायालयाने 1944 मध्ये स्मिथ विरुद्ध ऑलराइट खटल्यात ही बंदी मोडली. पाच वर्षांनी व्ही. ओ. की या अभ्यासकाने दक्षिणेच्या राजकारणावर जाडजूड ग्रंथ लिहिला. एकपक्षीय राज्यात प्रत्यक्षात पक्ष उरतच नाही, माणसांभोवती जमलेले गट उरतात, असं त्याचं निरीक्षण. गटांना कार्यक्रम नसतो, आज असलेला गट उद्या असेलच असं नाही, आणि याचा सगळ्यात जास्त तोटा गरिबाला होतो, कारण जाब कोणाला विचारायचा हेच त्याला कळत नाही.

हे वाचताना दौंड आठवल्याशिवाय राहत नाही.

दौंडमध्ये सुभाष कुल 1990 पासून आमदार होते. त्यांच्या निधनानंतर पत्नी रंजना कुल आमदार झाल्या. 2009 मध्ये मुलगा राहुल राष्ट्रवादीच्या तिकिटावर उभा राहिला आणि अपक्ष रमेश थोरातांनी त्याला हरवलं. 2014 मध्ये पाट्या बदलल्या. आता राष्ट्रवादीचे उमेदवार थोरात, आणि राहुल कुल महादेव जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षात. जिंकले कुल. 2019 मध्ये कुल भाजपचे, थोरात राष्ट्रवादीचेच. निकाल 746 मतांनी कुलांच्या बाजूने. 2024 मध्ये महायुतीत जागा भाजपकडे गेली, तेव्हा थोरातांनी शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून अर्ज भरला. पुन्हा कुल. चार निवडणुका, तीच दोन माणसं. चिन्हं तेवढी फिरत राहिली. एकाच्या मागे पाटसचा भीमा कारखाना, दुसऱ्याच्या मागे जिल्हा बँकेचं अनेक वर्षांचं अध्यक्षपद. कारखाना, बँक, सोसायटी, बाजार समिती ही आपल्याकडची कायमची फौज, आणि ती फौज चिन्ह बघून हलत नाही.

शिरूरचं चित्र थोडं निराळं. तिथे 2004 ते 2019 या काळात भाजपचे बाबूराव पाचर्णे आणि राष्ट्रवादीचे अशोक पवार आलटून पालटून निवडून आले, म्हणजे दोन पक्षांची रीतसर लढत होती. 2023 च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली आणि 2024 ला सामना झाला तो तिच्याच दोन तुकड्यांत, घड्याळ विरुद्ध तुतारी. ज्ञानेश्वर कटके जिंकले, अशोक पवार हरले. शेजारच्या आंबेगावात, ज्याला शिरूर तालुक्याचा एक भाग जोडलेला आहे, दिलीप वळसे पाटील जेमतेम 1,523 मतांनी निसटले, तेही त्यांच्याच जुन्या सहकाऱ्यापुढे. पूर्वी तिकिटासाठी आतल्या खोलीत जी भांडणं होत, ती या वेळी मतदान यंत्रावर आली.

राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी 1964 मध्ये काँग्रेसबद्दल हेच मांडलं होतं. स्पर्धा पक्षापक्षांत नव्हे, एकाच पक्षाच्या पोटात चालते. 1972 ला महाराष्ट्रात काँग्रेसने 270 पैकी 222 जागा जिंकल्या, तेव्हा विरोधक म्हणजे काय ते काँग्रेसमधलाच दुसरा गट. 1995 ला ही आतली स्पर्धा आवरेना, आणि 45 अपक्ष निवडून आले. त्यांतले बरेच काँग्रेसचे बंडखोर होते. आपण बंडखोरीला गद्दारी म्हणून मोकळे होतो. माझं मत जरा वेगळं आहे. जिथे तिकीट ठरवायला मतदाराला बोलावलंच जात नाही, तिथे बंडखोर हीच त्याची प्राथमिक निवडणूक. 2009 च्या दौंडकरांनी तेच केलं.

पण या गटांच्या राजकारणाची किंमत आहे. पुणे शहराचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, दौंडच्या शेतापर्यंत पोचतं. खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन पुण्याच्या पिण्याच्या पाण्याशी झगडत खाली येतं. रांजणगावच्या एमआयडीसीत स्थानिकांना काम किती, हा शिरूरचा जुना प्रश्न. यावर दोन उमेदवारांच्या भूमिकेत फरक सांगा म्हटलं, तर भले भले अडखळतील. पाच वर्षांनी मतदाराने हिशेब मागावा, तर ज्याच्याकडे मागायचा तो एव्हाना दुसऱ्या पक्षात!

मग अमेरिकेसारखी पद्धत आणावी का? काँग्रेसने 2014 च्या लोकसभेला मोजक्या मतदारसंघांत ती करून पाहिली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात पदाधिकाऱ्यांच्या मतदानातून निघाले ते दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे. दोन्ही जागा भाजपने जिंकल्या आणि काही महिन्यांत मेघे कुटुंबच भाजपमध्ये गेलं. मतदान घेतलं तरी मतदारयादी पुढाऱ्यांच्याच माणसांची असेल, तर निकाल वेगळा कसा येणार?

त्यापेक्षा एक लहान गोष्ट जमण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये पक्षांना बजावलं, की गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला, याचं कारण जाहीर करा; नुसती निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. हाच नियम सगळ्याच उमेदवारांना लावायला घटनादुरुस्ती लागत नाही, पक्षाचा ठराव पुरेसा आहे. तुमच्या गटात इच्छुकांच्या मुलाखती होतील तेव्हा तालुकाध्यक्षांना विचारा: अर्ज किती आले, ज्याला दिलं त्याला का दिलं? लेखी उत्तर मिळालं तर आम्हालाही जरूर कळवा.

(पुढील आठवड्यात : बिनविरोध निवडणुकीमागचं राजकारण)