उडायला तिथे कार्डच नसतं

सेंटओएस ६ चं नीट चालणारं व्हर्च्युअल मशीन क्लोन केलं. क्लोन सुरू झाला आणि पडद्यावर तक्रार उमटली : ईटीएच० नावाचं उपकरण सापडत नाही. निदान ठरलेलं असतं, ‘नेटवर्क कार्ड उडालं!’ मग मशीन तीनदा रीस्टार्ट होतं, कार्ड काढून पुन्हा जोडलं जातं, आणि शेवटी सगळं नव्याने इन्स्टॉल करायचा घाट घातला जातो.

पण उडायला तिथे कार्डच नसतं. आतल्या लिनक्सला दिसतं ते सॉफ्टवेअरने घेतलेलं सोंग. ई१००० हे नेहमीचं सोंग इंटेलच्या जुन्या गिगाबिट चिपचं. चुकते ती नोंद. क्लोनला बहुधा नवा मॅक पत्ता मिळतो. आतल्या लिनक्सला मात्र जुनाच पाठ असतो. उपकरणांची नावं ठरवणाऱ्या युडेव्हच्या ‘७०-पर्सिस्टंट-नेट’ फाइलीत ‘हा मॅक म्हणजे ईटीएच०’ अशी ओळ लिहून ठेवलेली असते. अनोळखी मॅक दिसला की त्याला पुढचं नाव मिळतं, ईटीएच१. आयपीची सगळी सेटिंग पडून राहते ईटीएच० च्या नावावर. भाडेकरू बदलला, पाटी जुनीच. ती नियमांची फाइल काढून टाकायची, सेटिंगच्या फाइलीतला जुना हार्डवेअर पत्ता बदलायचा, मशीन रीस्टार्ट करायचं. पाच मिनिटांचं काम.

‘हे जुन्या लिनक्सचं दुखणं, आता संपलं,’ असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. २०१३ मध्ये सिस्टमडीने कार्डाच्या जागेवरून नावं द्यायला सुरुवात केली. व्हर्च्युअलबॉक्समधलं ईएनपी०एस३ म्हणजे पीसीआय बस ०, स्लॉट ३. मॅक बदलला तरी नाव टिकतं. पण तेच मशीन व्हीएमवेअरवर हलवलं की नाव सहसा ईएनएस३३ होतं, आणि जुन्या नावाची सेटिंग पुन्हा अनाथ.

सर्वांत फसवा समज म्हणजे ‘मॅक वेगळा, म्हणजे मशीन वेगळं’. उबुंटू १८.०४ सर्व्हरचे दोन क्लोन, मॅक वेगवेगळे, तरी आयपी वाटणारा डीएचसीपी दोघांना एकच आयपी देतो! शिव्या राउटरला बसतात. प्रत्यक्षात हा उबुंटू डीएचसीपीपुढे मॅक नव्हे, मशीन-आयडीवरून काढलेली ओळख ठेवतो, आणि ती आयडी क्लोनबरोबर जशीच्या तशी आलेली असते. क्लोन करण्याआधी ईटीसीमधली मशीन-आयडी फाइल रिकामी केली, की प्रत्येक नक्कल पहिल्या बूटला स्वतःची आयडी तयार करते.

गंमत म्हणजे, व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये दोन मशीनना १०.०.२.१५ हा एकच पत्ता दिसला तर ती चूक नसते. प्रत्येकाला स्वतंत्र खासगी राउटर मिळालेला असतो, म्हणून दोघांची टक्कर होत नाही. एकमेकांना ती दिसतही नाहीत. गप्पा मारायला हव्या असतील तर ‘नॅट नेटवर्क’ किंवा ब्रिज निवडावा लागतो. वायफायवरचा ब्रिज मात्र बेभरवशाचा, कारण एकाच जोडणीतून दुसरा मॅक बोलायला लागलेला अनेक ॲक्सेस पॉइंटना खपत नाही.

विंडोजमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, की ‘आयपी मिळाला, मग नेट का नाही?’ असा प्रश्न येतो. तो पत्ता डीएचसीपीने दिलेलाच नसतो. उत्तर आलं नाही म्हणून विंडोजने स्वतःच घेतलेला असतो. पत्ताच दिसत नसेल, तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी मशीनच्या सेटिंगमध्ये ‘केबल कनेक्टेड’ची खूण तपासावी. ती नसेल तर आतल्या विंडोजला वायर उपटलेलीच दिसते.