चूक जागेवर दाखवणारा मोबाइल

जंगलातलं काम शिकवण्यात मोठी अडचण असते ती चूक फार उशिरा कळण्याची. विरळणी करताना भलतंच झाड निवडलं गेलं, तर त्याचा परिणाम दिसायला वीस-तीस वर्षं जातात, आणि तोवर निवडणारा माणूस निवृत्त झालेला असतो. मोजणीत उंची चुकली, तर तो आकडा नोंदवहीत जाऊन बसतो. त्याच झाडापाशी पुन्हा कुणी फिरकत नाही. मोबाइल नकाशे आणि ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर माहिती उमटवणारं तंत्र, यांचा वनशिक्षणातला खरा उपयोग इथे आहे. त्यांनी उत्तर आयतं देऊ नये. शिकणाऱ्याची चूक त्याला जागेवरच दाखवावी.

युरोपातली ‘मार्टेलोस्कोप’ ही पद्धत याच विचारावर उभी आहे. साधारण एक हेक्टरच्या क्षेत्रातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक देतात आणि त्याची जागा, जात, व्यास, उंची, लाकडाची प्रत यांची नोंद करतात. ढोली, वाळकी फांदी, सुटलेली साल असे पक्षी-कीटकांचे आसरेही टिपून ठेवतात. प्रशिक्षणार्थी टॅब्लेट घेऊन फिरतात आणि कोणती झाडं काढायची ते ठरवतात. कुऱ्हाड कुठेच चालत नाही, पण लाकडाचं मोल किती मिळालं आणि किती आसरे गमावले, हे लगेच समोर येतं. एकाच तुकड्यात दोघांची निवड वेगळी निघते, तेव्हा वाद आकड्यांच्या आधाराने घालता येतो. युरोपियन फॉरेस्ट इन्स्टिट्यूटने अशा क्षेत्रांचं जाळं अनेक देशांत उभारलं आहे.

झाडाची उंची मोजणारी ॲपही आता आहेत. बुंध्यापासून किती लांब आलो हे फोन कॅमेरा आणि हालचालीच्या सेन्सरवरून ओळखतो. मग शेंड्यावर नेम धरला की कोनावरून उंची काढतो. पण पसरट माथ्याच्या झाडापुढे हे गणित फसतं. समजा, तुम्ही खोडापासून २० मीटरवर उभे आहात. तुमच्याकडे ४ मीटर पुढे आलेल्या फांदीचं टोक डोळ्यांच्या पातळीपासून १६ मीटर वर आहे. तिलाच शेंडा मानून नेम धरला, तर कोन ४५ अंशांचा येतो आणि फोन १६ऐवजी २० मीटर सांगतो. शेंडा कोणता, हे फोनला कळत नाही; ते माणसालाच ओळखावं लागतं. म्हणून आधी डोळ्यांनी अंदाज, मग टेप आणि कोनमापक, आणि शेवटी ॲप असा क्रम हवा. तिन्ही आकडे शेजारी मांडले की फरक का पडला हे शोधावंच लागतं, आणि खरं शिक्षण त्या शोधातच होतं.

यावर एक आक्षेप असा, की नजर पडद्यावर खिळली तर जंगल बघायचंच राहील. भीती रास्त आहे, पण तिच्यावरचा उपाय क्रमातच आहे: अंदाज लिहून झाल्याशिवाय फोन बाहेर काढायचा नाही. दुसरा आक्षेप अचूकतेचा. उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. दाट पर्णछत्राखाली चूक वाढते आणि शेजारच्या झाडाची माहिती भलत्याच झाडावर उमटू शकते. त्यासाठी खोडावर रंगवलेला क्रमांक आजही सर्वात भरवशाचा. नेटवर्क नसल्याने मात्र तितकं अडत नाही, कारण नकाशे आधी उतरवून घेता येतात आणि जीपीएसला इंटरनेट लागत नाही.

महाराष्ट्राला हे परकं नाही. व्याघ्र प्रकल्पांतल्या गस्तीसाठी ‘एम-स्ट्राइप्स’ ही प्रणाली देशात २०१०मध्ये आली, आणि २०१८च्या व्याघ्रगणनेत तिचं मोबाइल ॲप वापरलं गेलं. म्हणजे फोन वनरक्षकाच्या हाती आधीच आहे. पण मुख्यतः नोंदीसाठी, त्याच्या कामाचा पुरावा म्हणून. सागाच्या आणि मिश्र जंगलातही क्रमांक घातलेले सरावाचे तुकडे आखले, तर तोच फोन शिकण्याचं साधन होईल. चुकण्याची मुभा असलेलं एक हेक्टर जंगल प्रत्येक वनप्रशिक्षण शाळेला मिळालं पाहिजे, कारण तिथे सुधारलेली चूक पुढे खऱ्या झाडांना भोगावी लागणार नाही.